पाय घरी, चपला रांगेत

नऊ डिसेंबर, मंगळवार. ओटा धुवायचा होता.

खरं तर तो पहाटेच धुऊन व्हायला हवा होता. मंगळवार हा आमच्या दवाखान्यात शुगरच्या पेशंटचा दिवस, आणि उजाडायच्या आत ओट्यावर चपलांची रांग लागायला लागते. पण आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. टाकीचा तळ दिसत होता. टँकर आला तेव्हा ओट्यावर ऊन पसरलं होतं आणि चपलांची रांग पायऱ्या उतरून खाली कडुनिंबापर्यंत गेली होती.

आमच्याकडे झाडलोट करणारी आणि रांगेवर हुकूमत गाजवणारी मावशी झाडू कमरेला टेकवून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की एक दिवस. चपलांना काय पडसं होतंय का?"

"उघड्या जखमांचे पाय येतात इथं. धुवायचाच."

"मग तुम्ही उचला, मी पाणी मारते. पण जिथल्या तिथं ठेवा बरं का. एक जोड हिकडचा तिकडं झाला तर मला फाडून खातील."

मी साडी खोचली आणि खाली बसले.

दवाखाना एका ट्रस्टचा आहे. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या आणि हा ओटा. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल शहरात आहे, आमच्यासारखे छोटे दवाखाने वस्त्यांमधून आहेत आणि एक गाडी देवगाव रंगारी, सिल्लोडच्या बाजूला फिरते. मी नर्स. आधी एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात होते. तिथं शुगरचा माणूस पाय दाखवायला यायचा तेव्हा बहुतेक वेळा पाय कापायचाच उरलेला असायचा. इथं पाय लवकर भेटतो. लोक विचारतात, सेवा करून समाधान मिळतं का? मला वेळेवर पाय बघायला मिळतात. इथं येण्याचं कारण तेवढंच.

चपलांची पद्धत आम्ही सुरू केलेली नाही. लोकांनीच केली. सकाळी सहाला येऊन नऊपर्यंत उभं कोण राहणार? चप्पल ठेवायची, नंबर लागला समजायचं आणि चहाच्या टपरीवर किंवा झाडाखाली जाऊन बसायचं. मोठ्या ऑफिसला हे बरं दिसलं नाही. त्यांनी नंबरांचे प्लास्टिकचे बिल्ले पाठवले. थोड्याच दिवसांत निम्मे बिल्ले लोकांच्या खिशातून घरी गेले. एका घरी ड्रेसिंगला गेले, तर आमचा बिल्ला बकरीच्या गळ्यात. मग पुन्हा चपलाच आल्या.

पण चपलांतही लोकांनी वाट काढली. एक बाई अख्ख्या गल्लीच्या चपला पोत्यात भरून आणायची आणि ओळीनं मांडून मोकळी व्हायची. तेव्हा दिवाळीच्या आसपास मावशीनं स्वतःच जाहीर करून टाकलं: ज्याची फाइल, त्याचीच चप्पल. दुसऱ्याची दिसली तर उचलून रस्त्यावर. मावशीला वस्तीतल्या चपला माणसांइतक्याच ओळखू येतात, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. रांग सरळ झाली. डॉक्टरबाईंनी मावशीचं कौतुक केलं, मीही केलं.

तर मी एकेक जोड उचलत होते, ओल्या फडक्यानं खालची फरशी पुसत होते आणि जोड परत ठेवत होते. चपला हातात आल्या की मी त्या उलटून बघते. टाच एका बाजूनं झिजली आहे का, अंगठ्याखाली खड्डा पडलाय का, पट्ट्याला तार बांधली आहे का. लग्नाला गेले तरी मंडपाच्या दारात माझी नजर खालीच असते. मुलगी म्हणते, आई, लोकांना वाटेल तू चपला चोरायला आलीस.

पायरीजवळच्या एका करड्या रबरी जोडापाशी फडकं अडकलं. मला वाटलं, पट्ट्याची तार असेल. बघितलं तर डाव्या चपलेत, अंगठ्याच्या मागं जिथं पंजाचा सगळा भार येतो तिथं, एक सुई होती. शिलाई मशीनची जाड सुई, तुटलेली. रबरात रुतलेली आणि वरच्या बाजूनं तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर आलेली. तिच्याभोवती रबरावर तपकिरी डाग होता. डाग जुना होता आणि त्यावर नवाही होता.

ही चप्पल घालून कुणीतरी चालत होतं. चालताना त्याला काही जाणवत नव्हतं. जाणवलं असतं तर चप्पल इथं नसती, उकिरड्यावर असती. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव जाते. पाय दिसायला चांगला असतो, पण खालून काय लागलं ते माणसाला कळत नाही. असे पाय दुखत नाहीत म्हणून लोक दाखवत नाहीत, आणि दाखवत नाहीत म्हणून जातात.

मी उभी राहिले आणि जोड वर धरला. "ही कुणाची?"

झाडाखालून सगळे बघायला लागले. कुणी पुढं आलं नाही.

"सिस्टर, दंड-बिंड हाय का?" एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं.

"दंड नाही. फक्त पाय बघायचाय."

"मग माझी म्हणून लिहा. पण मला आधी घ्या आत."

"काका, तुमची चप्पल तुमच्या पायात आहे."

"व्हय की," ते म्हणाले, आणि बाकीचे हसले.

जोड मी होता तिथंच ठेवला, फक्त त्याखाली कागद घातला. नंबर येईल तेव्हा मालक येईलच.

रांग पुढं सरकत गेली. त्या जोडाचा नंबर आला तेव्हा बुरख्यातली एक तरुण बाई हातात फाइल घेऊन आत आली. तिच्या पायात स्वतःची सँडल होती.

"पेशंट कुठंय?" मी विचारलं.

"घरी. मी सून हाय त्यांची. गोळ्या न्यायला आले."

"आणि चपला?"

"अब्बाच्याच हायेत," ती घाईनं म्हणाली. "खरंच. मावशीनं सांगितलं होतं ना, ज्याची फाइल त्याचीच चप्पल. म्हणून सकाळी त्यांच्याच घेऊन आले. दुसऱ्याच्या नाय आणल्या."

ती खोटं बोलत नव्हती. तिनं नियम तंतोतंत पाळला होता. पेशंट यावा म्हणून केलेल्या नियमानं पेशंटची चप्पल आली होती. मी दारातून ओट्याकडं पाहिलं. त्या सरळ रांगेतल्या किती चपलांचे पाय घरीच असतील?

डॉक्टरबाईंनी सुई पाहिली आणि विचारलं, "लंगडतात का?"

"नाय. उलट म्हणतेत, माझे पाय लोखंडाचे. उन्हाळ्यात पत्र्यावर चढतेत उघड्या पायानं."

"त्यांना घेऊन ये. आत्ता."

"नाय यायचे. रजयांचा सीझन हाय. मला म्हणतील, सकाळी चपला नेल्या, आता पाय पण नेते का?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्यासमोर रांग होती, त्यांना उठता येत नव्हतं. मी ड्रेसिंगची पिशवी भरली, चपला कागदात गुंडाळल्या आणि सुनेबरोबर निघाले. जाताना मावशीला म्हणाले, "उरलेल्या प्रत्येकाला विचार, पेशंट स्वतः आलाय की चप्पलच आलीय."

मावशीचं तोंड पडलं. "म्हंजे आता माझाच दोष?"

"दोष नाही. फक्त विचार."

घर रुळांच्या पलीकडं होतं. जाताना सुनेनं सांगितलं की नवरा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत शिफ्टवर असतो. सासरे शिंपी, हिवाळ्यात रजयांच्या खोळी शिवतात, बाकी वर्षभर पिशव्या आणि उशांचे अभ्रे. शुगर बरीच वर्षं आहे. मागच्या पावसाळ्यापासून दवाखान्यात आलेच नाहीत, ती गोळ्या नेते.

"त्यांना सांगू नका की मी सुईचं सांगितलं," ती दारापाशी थांबून म्हणाली.

"तू कुठं सांगितलंस? चपलेनं सांगितलं."

म्हातारे पायमशीनवर बसले होते. पांढरी दाढी, नाकाच्या टोकावर चष्मा, भोवती लाल-निळ्या खोळींचे ढीग. पाय उघडे. मला बघून त्यांनी मशीन थांबवली नाही, फक्त आवाज चढवला.

"आल्या का माझ्या चपला? सकाळपासून मस्जिदीत जाता आलं नाही. काय बीमारी निघाली त्यांना?"

"सलाम, चाचा. चपला ठीक आहेत. पाय बघायला आले."

"पाय कशाला? पाय एकदम फस्ट क्लास. दुखत नाय, खुपत नाय. तुमचे दुखत असतील तर सांगा, मी बघतो."

मी कागद उघडून सुई दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"ही माझीच सुई. हरवली होती. बरं झालं सापडली."

"पायाखाली सापडली."

"लागली असती तर कळलं नसतं का मला?" ते म्हणाले, आणि पुन्हा पायडल मारायला लागले.

हाच प्रश्न मला दर मंगळवारी कुणी ना कुणी विचारतं. उत्तर सांगून पटत नाही, हे मी शिकले आहे. म्हणून मी वाद घातला नाही. बाजेवर बसून त्यांचं काम बघत राहिले. ते कापडाकडं जेवढं बघत होते, तेवढाच कान मशीनकडं लावत होते. सुनेनं बाहेर बादली आपटली तेव्हा मशीनचा आवाज त्यात बुडाला आणि त्यांचा पाय क्षणभर चुकला. त्यांनी खाली वाकून पाय बघितला आणि मगच पुढं चालवलं. मला जे बघायचं होतं ते दिसलं.

"चाचा, एक मिनिट उठता का? खोळ बघू द्या."

ते उठले. खोळ बघता बघता मी त्यांचं स्टूल वीतभर बाजूला सरकवलं. मुद्दाम.

"आता बसा आणि डोळे मिटा. डोळे मिटून मशीन चालवून दाखवा. चालवलीत तर मी जाते, पुन्हा येत नाही."

"बस? एवढंच?" ते हसले. "सूनबाई, ये गं, बघ. सिस्टर शर्त लावते."

ते बसले, डोळे मिटले, डावा पाय पुढं टाकला आणि दाबायला सुरुवात केली. पाय पायडलच्या शेजारी फरशीवर पडला होता. ते फरशी दाबत होते, पंजा वर-खाली करत होते, अगदी नेहमीच्या तालात.

मशीन गप्प होती.

"चालली ना?" ते म्हणाले. मग त्यांना आवाज येईना हे लक्षात आलं असावं, कारण त्यांनी आणखी जोरात दाबलं. मग डोळे उघडले आणि खाली बघितलं.

मग त्यांनी स्टुलाकडं बघितलं. सून दारात उभी होती.

"स्टूल हलवलं तुम्ही," ते म्हणाले.

"हलवलं. पण फरशी आणि लोखंड यातला फरक तरी पायाला कळायला हवा होता."

त्यांनी पाय उचलून माझ्यासमोर बाजेवर ठेवला. स्वतःहून. वर म्हणाले, "बाईमाणसानं पायाला हात लावायचा, बरं वाटत नाय."

"रोज लावते. तुम्ही भिंतीकडं बघा."

पंजाखाली घट्ट्याची जाड गोल कड होती आणि मधोमध छिद्र. दाबल्यावर पू आला. अंगठा सुजलेला, लालसर, पण लाली पंजाच्या वर चढलेली नव्हती. आत काहीतरी टणक लागलं. मी तिथं काही उकरलं नाही. सलाईननं धुतलं, गॉज ठेवलं, सैल पट्टी बांधली, ताप बघितला. ताप नव्हता. डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी एक गोळी आत्ताच सुरू करायला सांगितली, आणि उद्या सकाळी पहिल्यांदा मोठ्या हॉस्पिटलात: एक्स-रे, आणि आत तुकडा असेल तर काढायचा. तोवर पाय जमिनीला टेकवायचा नाही. ताप आला किंवा लाली चढली तर लगेच फोन.

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं.

"शुक्रवारनंतर जाऊ. लग्नाच्या रजया हायेत. शब्द दिलाय."

"शुक्रवारपर्यंत अंगठा वाट बघेल असं मला वाटत नाही."

"घाबरवता?"

"नाही. सांगते. अंगठा गेला तर पुढं पायाचा प्रश्न येतो. पाय गेला तर पायडल कुणी मारायचं?"

"आणि उद्या खोळी कोण शिवणार? हा सवाल आधी."

"मी शिवते," सून म्हणाली.

म्हातारे तिच्याकडं वळले. "तू? तुला मशीन येते?"

"तुम्ही नमाजला गेल्यावर कोण शिवतंय मग? मागच्या महिन्यातल्या निम्म्या खोळी माझ्या हायेत."

मला वाटलं आता भांडण होणार. म्हाताऱ्यांनी ढिगातली एक खोळ ओढली, शिलाईवरून बोट फिरवलं, दुसरी ओढली.

"तरीच," ते म्हणाले. "मी म्हणत होतो, या वयात माझी शिलाई सरळ कशी व्हायला लागली."

सून पदरात तोंड लपवून हसली. पण म्हाताऱ्यांनी उद्याचं 'हो' काही म्हटलं नाही. 'बघू' म्हणाले. माझ्या अनुभवात 'बघू' म्हणजे नाही. निघताना चपला मी परत पिशवीत टाकल्या.

"त्या कुठं नेता?"

"उद्या देते. हॉस्पिटलात."

दवाखान्यात परतले तेव्हा रांग संपत आली होती. मावशी ओट्यावर बसली होती आणि तिच्या शेजारी चपलांचे जोड वेगळे मांडलेले होते.

"ह्या नुसत्या चपला," ती म्हणाली. "ह्यांचे पाय घरी. आल्या होत्या त्या सुनांना, पोरींना म्हणलं, गोळ्या न्या, चपला ऱ्हाऊ द्या. उद्या सिस्टर घेऊन येतील."

"असं कोण सांगतं?"

"मग काय करणार? माझ्या नियमानं चपला तरी आल्या. आता तुमच्या नियमानं पाय आणा."

डॉक्टरबाई आतून हसल्या. मी हसले नाही, कारण मला ते जोड एकेक करून उलटायचे होते. कुणात सुई नव्हती. एकात काचेचा बारीक तुकडा होता, पण रबर स्वच्छ होतं. एकाची टाच पार झिजून आरपार दिसत होतं. बाकीच्या ठीक. ठीक म्हणजे चपला ठीक. पायांचं चपलेवरून पूर्ण कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा घेऊन रुळांपलीकडं गेले. आत जाताना मशीनचा आवाज ऐकू आला आणि मनात म्हटलं, बसला म्हातारा. पण मशीनवर सून होती. म्हातारे दारापाशी भिंतीला टेकून बसले होते, धुतलेला झब्बा घालून, डावा पाय खोळींच्या गठ्ठ्यावर ठेवून. पट्टीवर डाग नव्हता.

"उशीर केला," ते म्हणाले. "आणि रिक्षावाल्याला सांगा, सावकाश. पाय कळत नसला तरी बाकीचं अंग कळतं."

मी आणि रिक्षावाल्यानं त्यांना दोन्ही बाजूंनी उचलून आत बसवलं. हॉस्पिटलात एक्स-रे झाला. सुईचा तुकडा आत होता, हाडाला लागलेला नव्हता. सर्जननं तो काढून ट्रेमध्ये टाकला तेव्हा टण् आवाज आला, आणि तो आवाज ऐकून म्हातारे म्हणाले, "हां, आता कळलं." अंगठा राहील, असं सर्जन म्हणाले. ड्रेसिंग नीट झालं, पाय टेकवला नाही आणि साखर खाली आली तर. तिन्ही गोष्टी व्हायला हव्यात. त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. त्यांच्या चपला मी तिथल्या मोच्याला मापासाठी दिल्या, मऊ तळाच्या नव्या करायला.

मग ऊन उतरायच्या आत मी वस्तीत परतले. मावशीनं ठेवून घेतलेल्या चपलांतला झिजलेल्या टाचेचा जोड वरती होता. मावशीनं घर सांगितलं: पाण्याच्या टाकीमागं, निळं दार. मी जोड हातात घेऊन गेले आणि दार वाजवलं. एका आजीबाईंनी उघडलं, चपला बघितल्या आणि हात पुढं केला.

मी चपला दिल्या नाहीत. "आधी बसा," मी म्हणाले, "आणि पाय दाखवा."